भेटवस्तूसह मिळणारा अँटिव्हायरस : घ्यावा की न घ्यावा?

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळा हे बाजाराचे गाव. मुख्य रस्त्याने फेरफटका मारला तर मेडिकल, कृषी सेवा केंद्र, आडत, फोटो स्टुडिओ, झेरॉक्स अशी दुकानांची रांग लागते आणि यांपैकी बहुतेक ठिकाणी आता एक तरी कॉम्प्युटर बसविलेला दिसतो. सातबारा काढायचा, पीक विमा भरायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, आधारच्या अंगठ्यावर पैसे काढायचे, ही सगळी कामे त्याच यंत्रावर होतात. असेच एक सेवा केंद्र चालविणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका तरुणाने मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला आणि त्यातूनच आजचा हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले.

प्रश्न साधा होता. अँटिव्हायरस विकणारा एक माणूस त्याच्या दुकानी आला होता. "एका वर्षाच्या पैशात पंधरा महिने, वर एक पेन ड्राइव्ह, एक हेडफोन आणि सोडतीचे कूपन," अशी योजना त्याने सांगितली. योजना फक्त आठवडाभर आहे, हेही सांगायला तो विसरला नाही. आमचा मित्र म्हणाला, "भाईजान, मागच्या वेळी असाच घेतला होता, त्यावर भिंतीवरचे घड्याळ मिळाले. घड्याळ अजून चालू आहे, पण अँटिव्हायरस कधी बंद पडला ते मला कळलेच नाही."

ते त्याला कळले ऐन खरिपाच्या विम्याच्या गर्दीत. एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर ग्राहकांचे स्कॅन करून ठेवलेले सातबारे, बँक पासबुके, आधारच्या प्रती, काहीच उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला भलतेच शेपूट जोडले गेले होते आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारी सूचना होती. अर्ज सरकारी पोर्टलवर गेलेले होते म्हणून निभावले. पण अर्धवट राहिलेल्या अर्जांसाठी वाडी-तांड्यांवरच्या लोकांना पुन्हा कागद घेऊन बोलवावे लागले. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला "चाचा, तुमचे कागद माझ्याकडून गेले, परत द्या" असे सांगणे काय असते, ते त्यालाच ठाऊक. तेव्हा प्रश्न हजार-पाचशे रुपयांचा दिसत असला तरी त्यामागे दुकानदाराची पत आणि गरीब माणसाचे कागद अडकलेले आहेत, हे लक्षात घेऊन आपण या विषयाकडे पाहू.

व्हायरस आला कोठून, अँटिव्हायरस आला कोठून?

आयबीएमच्या धर्तीवर बनलेल्या पर्सनल कॉम्प्युटरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवावा, एवढाच आपला हेतू होता, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्यात स्वतःचे नाव व फोन नंबरही घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो जगभर पसरला. पुढे ६ मार्चला, म्हणजे इटलीचा कलावंत मायकेलअँजेलो याच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कवरील माहिती पुसणाऱ्या 'मायकेलअँजेलो' व्हायरसने १९९२ साली मोठीच धास्ती निर्माण केली.

या काळात पुण्यात कैलाश काटकर हे कॅल्क्युलेटर व इतर यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान चालवीत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे गृहस्थ फार शिकलेले नव्हते. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसचीच तक्रार जास्त, हे पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी तो काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आला. हीच कंपनी फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरली. पुण्याचाच 'नेट प्रोटेक्टर', मुंबईचा 'ई-स्कॅन' आणि चेन्नईचा 'के-सेव्हन' हीही देशी नावे आपल्या दुकानदारांच्या परिचयाची आहेत. सांगायचा मुद्दा असा की, हा धंदा दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिला. आजही आपल्या भागात अँटिव्हायरस विकणारा बहुधा तोच असतो जो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यामुळे ग्राहक त्याच्या शब्दावर विसंबतो. ही चांगली गोष्ट आहे आणि धोक्याचीही.

आपण नेमके काय विकत घेतो?

डबा हातात येतो, त्यात एक सीडी किंवा नुसते कार्ड असते, आणि त्यावर खरवडून काढायचा आकड्या-अक्षरांचा एक क्रमांक असतो. याला 'की' म्हणतात. पुष्कळांना वाटते की आपण सीडी विकत घेतली. तसे नाही. आपण ठराविक मुदतीचा पहारा विकत घेतलेला असतो.

हा पहारा तीन प्रकारे चालतो. पहिला प्रकार ओळखपरेडीचा. माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी कंपनीकडे असते, ती रोज आपल्या कॉम्प्युटरवर उतरते आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. दुसरा प्रकार वर्तनावर नजर ठेवण्याचा. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली बदलू लागला तर खूण माहीत नसली तरी त्याला अडविले जाते. तिसरा प्रकार म्हणजे संशयित फाइलची माहिती इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या यंत्रांना विचारणे. या तिन्हींचा प्राण ताज्या माहितीत आहे. रोज नवे व्हायरस येतात, म्हणून महिनाभर अपडेट न झालेला अँटिव्हायरस म्हणजे जुनी यादी घेऊन बसलेला चौकीदार. मुदत संपली की कोपऱ्यातले चित्र तसेच दिसत राहते, पण काम थांबते. आमच्या मित्राच्या बाबतीत हेच झाले.

फुकटचा पहारा घरात असताना

आता महत्त्वाचा प्रश्न. विकतचा अँटिव्हायरस लागतोच का?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी याचे उत्तर 'होय' असेच होते. विंडोजबरोबर पुरेसे संरक्षण येत नसे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' हा अँटिव्हायरस फुकट दिला. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच बसवून येऊ लागला. विंडोज १० आणि ११ मध्येही तो आहे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि त्याची मुदत संपत नाही. विंडोजला अपडेट मिळत आहे तोवर तो चालतो.

तो कामाचा आहे का? जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' या दोन संस्था अँटिव्हायरसांची नियमित परीक्षा घेऊन निकाल जाहीर करतात. त्यांत गेली काही वर्षे डिफेंडरला विकतच्या नामवंत मालाच्या बरोबरीने गुण मिळत आले आहेत. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. इंटरनेट बंद असताना डिफेंडरची पकड बरीच ढिली पडते, असे या परीक्षांत दिसून आले आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचे काही वाटणार नाही. पण जेथे नेट तासन्‌तास जाते आणि काम पेन ड्राइव्हवर चालते, तेथे ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी अट अशी की विंडोज चालू पिढीचे हवे. विंडोज ७ चा पाठपुरावा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबविला आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठपुरावा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने विंडोज म्हणजे ज्याच्या भिंतीला भगदाड आहे असे घर. दारावर विकतचा चौकीदार बसविला तरी चोर भगदाडातून येतो. अशा यंत्रासाठी भेटवस्तूसह अँटिव्हायरस घेण्यापेक्षा ते पैसे नव्या यंत्राच्या बाजूला टाकणे शहाणपणाचे.

भेटवस्तूचे पैसे कोण देतो?

आता भेटीकडे वळू. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी, पण स्वतः ग्राहक झालो की आपण व्यापार विसरतो.

गव्हाचे पोते विकायचे तर गहू आधी खरेदी करावा लागतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते बनविण्याचा व रोज ताजे ठेवण्याचा खर्च मोठा, पण आणखी एक 'की' काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून छापील किमतीत आणि प्रत्यक्ष विक्रीत मोठी फट ठेवता येते, आणि त्या फटीतूनच पेन ड्राइव्ह, घड्याळ व जादा महिने येतात. कंपनीला ग्राहक एकदा हवा असतो, कारण पुढच्या वर्षी तो नूतनीकरण करील अशी आशा असते. भेट पहिल्या वर्षी मिळते, नूतनीकरणाला मिळत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, भेटीसह डबा १,१०० रुपयांना आहे आणि तीच एका यंत्राची एका वर्षाची 'की' भेटीशिवाय दुसरीकडे ६५० रुपयांना मिळते. म्हणजे भेटीची किंमत आपण ४५० रुपये मोजली. आता पेन ड्राइव्ह आणि हेडफोन बाजारात वेगळे घेतले तर ३०० रुपयांत येतात असे धरा. तीन महिने जादा मिळाले, त्यांची किंमत ६५० च्या चौथ्या हिश्शाने १६२ रुपये. बेरीज ४६२ रुपये. म्हणजे व्यवहार बरोबरीत सुटला, फायदा बारा रुपयांचा. तोही हेडफोनची आपल्याला गरज असेल तरच. गरज नसलेली वस्तू स्वस्तात मिळाली तरी ती महागच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या हाती आलेल्या योजनेचे आकडे त्या जागी घालून पाहावेत. निम्म्या योजना या बेरजेतच उघड्या पडतात.

सरकारही या गोष्टीकडे असेच पाहते. 'एकावर एक फुकट' या प्रकाराबद्दल केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, येथे दुसरी वस्तू फुकट दिली जात नाही. एका किमतीत दोन वस्तूंचा पुरवठा होतो, इतकेच. जीएसटी भरणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना हे वाक्य पाठ असायला हरकत नाही.

भेटी कोणकोणत्या आणि त्यांचे मोल काय?

जादा महिने : ही त्यातल्या त्यात खरी भेट. मात्र मुदत 'की' टाकल्या दिवसापासून मोजली जाते की आणखी कोठून, हे विचारावे. पहिल्याची मुदत शिल्लक असताना नवी 'की' घातली तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात की बुडतात, हेही विचारावे.

जादा प्रोग्राम : कॉम्प्युटर 'स्वच्छ व वेगवान' करणारा क्लीनर, पासवर्ड जपून ठेवणारी तिजोरी, व्हीपीएन, मुलांवर लक्ष ठेवणारी सोय असा हा संच असतो. पासवर्डची तिजोरी उपयोगी आहे, पण ती फुकटही मिळते. क्लीनरने जुने यंत्र नवे होत नाही. आणि जादा प्रोग्राम नेहमीच ग्राहकाच्या भल्यासाठी असतो असे नाही. २०२१ मध्ये 'नॉर्टन' या नामांकित अँटिव्हायरसबरोबर आभासी चलन निर्माण करणारी सोय देण्यात आली. ती चालू करणाऱ्याच्या कमाईतून कंपनी १५ टक्के कापून घेई आणि विजेचे बिल मात्र ग्राहकाचे! त्यावर बरीच टीका झाली. 'अव्हास्ट' या फुकट अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने तर लोक इंटरनेटवर काय पाहतात त्याची माहिती आपल्या एका उपकंपनीमार्फत विकली. त्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसविला. फुकट मालाचे पैसे कधी कधी असे वसूल होतात.

पेन ड्राइव्ह : ही भेट आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत जपून घ्यावी अशी. २०१० साली ऑस्ट्रेलियात कॉम्प्युटर सुरक्षेच्याच एका परिषदेत आयबीएमने वाटलेल्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस निघाला. डिसेंबर २०१७ मध्ये तैवानच्या पोलिसांनी सायबर सुरक्षेच्या कार्यक्रमात प्रश्नमंजुषेतील विजेत्यांना २५० पेन ड्राइव्ह बक्षीस दिले, त्यांपैकी ५४ दूषित निघाले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माल भरताना एक दूषित कॉम्प्युटर मध्ये आला. सुरक्षेची शिकवण देणाऱ्यांच्या हातून जे झाले ते गल्लीतल्या योजनेत होणारच नाही, असे कोण म्हणेल? शिवाय ६४ जीबी लिहिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात त्याहून फार कमी जागा असण्याचे प्रकारही बाजारात आहेत.

सोडतीचे कूपन : याची किंमत शून्य धरावी आणि मगच हिशेब करावा.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित व्यापार पद्धती'ची व्याख्या दिली आहे. भेट जाहीर करायची पण ती देण्याचा इरादाच नसणे, किंवा किमतीत पूर्ण अथवा अंशतः धरलेली वस्तू 'फुकट' असल्याचा भास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत येतात. विक्री वाढविण्यासाठी काढलेल्या बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे हेही तिच्यात येते. ही कलमे नवी नाहीत. मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात १९८४ सालीच अशा तरतुदी आल्या होत्या. आपण मात्र 'मिळाले तर मिळाले' म्हणून सोडून देतो.

इंटरनेटवरून खरेदी करणाऱ्यांसाठी ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ग्राहकाला फसविणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यांत सांगितल्या असून, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, सदस्यत्व घेणे सोपे व सोडणे अवघड करणे, आणि 'तुमच्या यंत्रात व्हायरस आहे' अशी खोटी भीती घालून बनावट सॉफ्टवेअर विकणे यांचा त्यांत समावेश आहे. पडद्यावर अचानक लाल अक्षरांत अशी सूचना आली तर ती बहुधा याच जातीची असते. तिच्यावरील फोन नंबर कधीही फिरवू नये.

आपोआप नूतनीकरणाचीही एक मेख आहे. कार्डाने पैसे भरले की पुढच्या वर्षी न विचारता पूर्ण किमतीने पैसे कापले जात. याच कारणावरून २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सिमेंटेक आणि मॅकॅफी या दोन बड्या कंपन्यांकडून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर वसूल केले. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी कपात होण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते आणि ती नाकारता येते. तो संदेश वाचायची सवय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे सिरसाळ्याच्या माणसाला बीडला जाणे पुरे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही असे सांगून कोणी वाटेला लावील. पण केवळ स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. अर्थात हातात पक्के बिल हवे. बिलाशिवाय घेतलेली 'की' आणि तोंडी कबूल केलेली भेट, दोन्ही आयोगापुढे हवेत विरतात.

अँटिव्हायरस काय करू शकत नाही?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण डब्यावर तो छापलेला नसतो.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरची यंत्रे कुलूपबंद करून ३०० डॉलरची खंडणी मागायला सुरुवात केली. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी विंडोज अपडेट केले ते वाचले. त्याच वर्षी २७ जूनला आलेल्या दुसऱ्या हल्ल्याने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. त्यांतील मोठा हिस्सा २८ देशांतील एटीएममधून काढला गेला. मोठमोठ्या संस्थांची ही कथा, तर हजार रुपयांच्या डब्यावर सर्व भिस्त ठेवणे किती योग्य?

शिवाय आजची बहुतेक फसवणूक व्हायरसशिवायच होते. बँकेच्या नावाने फोन करून ओटीपी विचारणारा, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल पाठविणारा, पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावणारा, यांना कॉम्प्युटरवरील अँटिव्हायरस अडवू शकत नाही. तेथे माणूसच सावध हवा. आणि पैसे गेलेच तर क्षणभरही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टच सांगतो. आपल्या भागात कित्येक यंत्रांवर विंडोज आणि इतर प्रोग्राम चोरीचे असतात. ते चालविणारा 'क्रॅक' टाकताना मेकॅनिक आधी अँटिव्हायरस बंद करतो. म्हणजे दार उघडून चोराला आत घ्यायचे आणि मग दाराला महागडे कुलूप लावायचे. चोरीच्या मालावर विकतचा पहारा बसविण्यात ना अर्थ आहे ना इमान.

मग कोणी काय करावे?

घरचा कॉम्प्युटर, विद्यार्थी, एकट्याचा वापर : विंडोज ११ असेल तर डिफेंडर पुरे. विकतचा घेऊ नये, मग भेट कितीही चांगली असो.

आडत, मेडिकल, किराणा, जेथे टॅली किंवा बिलिंग चालते : पहिले पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालावेत. रोज संध्याकाळी हिशेबाची नक्कल तिच्यावर घ्यावी आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस यंत्राबरोबरच कुलूपबंद करतो. डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' ही खंडणीखोर व्हायरसविरुद्धची सोय आहे, ती बंद असते; जाणकाराकडून चालू करून घ्यावी.

सेवा केंद्र, झेरॉक्स, फोटो स्टुडिओ : दिवसभरात दहा लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, नेट येते-जाते, आणि लोकांचे कागद आपल्या हवाली असतात. येथे विकतचा अँटिव्हायरस घेण्यात अर्थ आहे. पण तो पहाऱ्यासाठी घ्यावा, भेटीसाठी नव्हे. तीन-चार यंत्रे असतील तर सगळ्यांची मिळून एक 'की' घेतल्यास स्वस्त पडते. काम झाले की ग्राहकांच्या कागदांच्या प्रती पुसून टाकण्याची शिस्तही लावून घ्यावी. जे आपल्याकडे नाही ते चोरीला जाऊ शकत नाही.

जुने विंडोज ७ चे यंत्र : त्यावर बँकेचे किंवा आधारचे काम करू नये.

आणि एका यंत्रावर दोन अँटिव्हायरस कधीही चालवू नयेत. ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ने २०१७ पासून व्हायरस साफ करण्याची साधने फुकट उपलब्ध करून दिली आहेत, त्यांचाही लाभ घ्यावा.

विकणाऱ्याला विचारायचे सहा प्रश्न

१. भेट नको, तर किंमत किती कमी कराल?
२. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतील?
३. ही 'की' किती यंत्रांवर चालेल आणि यंत्र बदलले तर नव्यावर घालता येईल का?
४. मुदत कोणत्या तारखेला संपेल? ती तारीख बिलावर लिहून द्याल का?
५. बिघाड झाला तर दुकानी कोण येईल, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का?
६. भेटीचा उल्लेख बिलावर कराल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकले की भेट खरी की किमतीतली, ते तत्काळ समजते. आमच्या मित्राने तो प्रश्न विचारला. विकणारा थोडा घुटमळला, मग भेटीशिवायचा भाव त्याने बराच खाली आणला. मित्राने पेन ड्राइव्ह, हेडफोन आणि कूपन त्याला परत केले, दोन यंत्रांची एक 'की' पक्क्या बिलासह घेतली, आणि वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून नक्कल ठेवण्यासाठी हार्ड डिस्क आणली. मुदत संपण्याची तारीख त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटविली. कोठे, तर त्या भेट मिळालेल्या घड्याळाच्या बरोबर खाली. आता ते घड्याळ खऱ्या अर्थाने कामाला आले, असे आम्हाला वाटते.